अग्नी देणाऱ्याचा हक्क

एडिंबराच्या दक्षिणेला, बॉनिरिग गावाजवळ डलहौसी नावाचा एक दगडी किल्ला आहे. आता तिथे हॉटेल चालते, पण काही शतके ती रॅमसे घराण्याची गढी होती. गढीजवळच्या झऱ्याच्या काठावर ओकचे एक जुने झाड होते, एजवेलचे झाड. घरातले कोणी जाणार असले की या झाडाची एक फांदी आपसूक गळून पडते, अशी पंचक्रोशीत समजूत होती. १८७४च्या जुलैत, वारा अगदी पडलेला असताना एक मोठी फांदी कोसळली. ते पाहून म्हातारा वनरखवालदार म्हणाला, धनी गेले. थोड्याच वेळात बातमी आली की घराण्याचे अकरावे अर्ल फॉक्स मौल वारले. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाउ’ या जाडजूड ग्रंथात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

खरे-खोटे झाडालाच ठाऊक. पण वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाने या परक्या घराण्याच्या सुतकात डोके का घालावे, याला कारण आहे. या फॉक्स मौलच्या आधीचा, म्हणजे दहावा अर्ल होता जेम्स ब्राउन-रॅमसे. आपण त्याला हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी म्हणून ओळखतो. आज ज्याला आपण वर्धा जिल्हा म्हणतो तो मुलूख ज्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने भोसल्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तो हाच. आणि ती लेखणी उचलली गेली ती एका राजाचे सुतक फिटल्यावर काही आठवड्यांतच.

स्कॉटलंडमधल्या कुळप्रमुखाचा मृत्यू म्हटला की डोळ्यांसमोर येते ती उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाची रीत. तिथे प्रमुख गेला की बॅगपाइपवर शोकधून वाजे, बायका गळा काढून मृताचे पराक्रम आणि पूर्वज आळवत रडत, आणि शवपेटी खांद्यावरून नेताना वाटेत जिथे टेकवली तिथे माणसे दगड रचून रास करत. आपल्याकडे तिरडी विसाव्याला थांबते, तिथून उचललेला जीवखडा दहाव्यापर्यंत जपला जातो. दोन टोकांच्या दोन समाजांनी मरणाची वाट दगडानेच खुणावली, याची गंमत वाटते. फ्रेझर कुळाचा प्रमुख लॉर्ड लोव्हॅट याला बंडाच्या आरोपावरून ९ एप्रिल १७४७ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर कुऱ्हाडीने मारले. ब्रिटनमधला तो असा शेवटचा शिरच्छेद. या माणसाला आपल्या अंत्ययात्रेची भारी हौस. देशाच्या उत्तर टोकापासून एडिंबरापर्यंतचे सगळे पाइपवाले आपल्यापुढे वाजत जावेत, अशी त्याची एकेकाळी इच्छा होती. सरकारने त्याला टॉवरमधल्या चर्चमध्येच पुरून टाकले. मेलेल्या प्रमुखाची मिरवणूक जिवंत प्रमुखापेक्षा जड जाते, हे सरकार जाणून होते.

कारण ही शोकयात्रा नुसती रडारड नसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडच्या बेटांवर फिरलेल्या मार्टिन मार्टिनने लिहून ठेवले आहे, की नव्या प्रमुखाला दगडांच्या राशीवर उभे करत, भोवती भाऊबंद कडे करत, बापाची तलवार त्याच्या हाती देत, पांढरी काठी देत, आणि भाट पूर्वजांची नावे घेई. जुना गेला आणि नवा आला हे एकाच दमात, सगळ्या कुळादेखत ठरे. रॅमसे मात्र दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातले, इंग्रजी वळणाचे सरदार. त्यांच्याकडे गळा काढणाऱ्या बायका नव्हत्या. काळे कपडे, दारावर घराण्याच्या चिन्हाची चौकट आणि गावच्या चर्चच्या आवारात थडगे, एवढाच बडेजाव. पण गादी कुणाकडे जाणार हा प्रश्न तिथेही थडग्याइतकाच जवळचा होता. अर्लपद १६३३ सालचे. तेव्हापासून मुलगा नसला तर भाऊ, पुतण्या, चुलतभाऊ असे करत ते पुढे चालत आले होते. खुद्द हा डलहौसी बापाचा तिसरा मुलगा. दोन्ही थोरले भाऊ आधी गेले म्हणून १८३८ मध्ये अर्लपद त्याच्याकडे आले.

आता १८५३ साल घेऊ. हे साल वर्धा नदीच्या दोन्ही काठांना विसरता येण्याजोगे नाही. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड, निजामाचे. २१ मे १८५३ रोजी निजामाने कंपनीच्या कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड तिच्या ताब्यात दिले. त्याआधी पंधरा दिवस, ६ मे रोजी, डलहौसीची बायको लेडी सुझन मायदेशी परतताना जहाजावरच वारली. पत्नीचे प्रेत एका खंडावर, नवरा दुसऱ्या खंडावर. बातमी टपालाने कलकत्त्याला पोहोचली तेव्हा सगळे उरकून गेलेले. तो खचला होता, याबद्दल त्याच्यावर टीका करणाऱ्यांनीही शंका घेतलेली नाही. पुढे थोरली मुलगी, तिचेही नाव सुझनच, बापाच्या सोबतीला हिंदुस्थानात आली.

वऱ्हाडचा घास गिळून सात महिने होतात न होतात तोच नदीच्या पूर्वेच्या काठाचा मालक गेला. ११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले. पन्नाशीही गाठली नव्हती. पोटी मुलगा नाही, हयातीत दत्तकही घेतलेला नाही. आर्वी, देवळी, हिंगणघाट, केळझर, पवनार ही सगळी गावे त्यांच्या राज्यातली. त्या राज्यातल्या कुणब्याला आणि तेल्याला एक गोष्ट सांगायची गरज नव्हती: मयत झाली की पहिला प्रश्न हा, की अग्नी कोण देणार? हातात मडके धरून तिरडीपुढे चालतो, सरणाला अग्नी देतो, दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतो, तेरवीला भाऊबंदांसमोर डोक्याला पागोटे बांधून घेतो, तोच पुढचा कर्ता. सोयरे-धायरे, गावचा पाटील, मामाकडची माणसे यांच्यादेखत हे होते, म्हणून त्याला वेगळा दस्तऐवज लागत नाही. निपुत्रिकाच्या घरी पुतण्या पुढे झाला, तर तेरवीपर्यंत सगळ्या गावाला कळते की शेत कोण वाहणार. विदर्भात आजही कितीतरी भाऊबंदक्या कोर्टात जाण्याआधी स्मशानात सुरू होतात.

नागपूरच्या वाड्यातही हेच झाले. रघुजींच्या नात्यातले, वाड्यातच लहानाचे मोठे झालेले, एकोणीस वर्षांचे यशवंतराव अहिरराव पुढे झाले आणि राजाचे अंत्यविधी त्यांनी केले. घरच्या बायकांच्या लेखी वारस तिथेच ठरला. त्यांचे नाव पुढे जानोजी भोसले झाले. या बायकांत कर्तीसवरती होती बांकाबाई, दुसऱ्या रघुजींची विधवा, सत्तरी ओलांडलेली. या बाईने नागपूरच्या गादीचे निम्म्याहून अधिक आयुष्य पाहिले होते. सीताबर्डीची नोव्हेंबर १८१७ची लढाई तिने पाहिली. तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले यांना इंग्रजांनी गादीवरून काढले, तेही पाहिले. आणि त्यानंतर १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला बाजीबा, भोसले कुळात दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला, तेही पाहिले. तोच बाजीबा म्हणजे हे तिसरे रघुजी. म्हणजे ज्याच्या सरणाला दत्तकाने अग्नी दिला तो स्वतःच दत्तक होता, आणि त्याच्या दत्तकविधानाला इंग्रजांची पूर्ण संमती होती. असे असताना आता हरकत येईल असे बांकाबाईला का वाटावे? वाड्याने रीतसर कंपनीच्या मंजुरीची वाट पाहिली, एवढेच. ही वाट पाहणेच महागात पडले.

नागपूरचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅन्सेल. हा माणूस भला. राण्यांना दत्तक घेऊ द्यावा, गादी चालू ठेवावी, अशी त्याने शिफारस केली. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ रोजी आपले लांबलचक टिपण लिहिले आणि शिफारस फेटाळली. त्याचा युक्तिवाद असा: राजाने हयातीत दत्तक घेतला नाही, १८१८ मध्ये हे राज्य आम्ही जिंकूनही परत दिले, म्हणजे ते आमचे दान, दान घेणाऱ्याचा औरस वंश संपला की दान देणाऱ्याकडे परत येते. विधवेने नवऱ्यामागे दत्तक घेणे हे त्याला लबाडीचे वाटले. महाराष्ट्रात मात्र हा जुना, शास्त्राने मान्य केलेला अधिकार होता. सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ची परंपरा मानणाऱ्या आपल्या भागात विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची आधी परवानगी असावीच लागते असे नव्हते. बंगालात लागे. कलकत्त्यात बसून नागपूरकडे पाहिले की असे होते.

या टिपणातला सर्वांत प्रांजळ भाग कापसाचा आहे. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा, अमेरिकेवर फार विसंबता येत नाही, आणि नागपूरच्या राज्यात उत्तम कापसाची जमीन आहे, तेव्हा हे राज्य ताब्यात आले तर इंग्लंडच्या कारखानदारीची मोठी गरज भागेल, असे त्याने सरळ लिहून टाकले आहे. ही उत्तम कापसाची जमीन म्हणजे प्रामुख्याने वर्धेच्या खोऱ्यातली काळी. हिंगणघाटचा बनी कापूस लांब धाग्यासाठी तेव्हाही नावाजलेला होता. धर्मशास्त्राची पाने उलटणाऱ्या त्या टिपणात हिंगणघाटचा हा पांढरा डाग इतका ठसठशीत आहे, की वारसाचा सगळा वाद त्याच्यापुढे निमित्तमात्र वाटू लागतो. मला तरी वाटतो.

गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये एकाने विरोध नोंदवला: जनरल जॉन लो. हाही स्कॉटिशच, फाइफ परगण्यातला. त्याने १० फेब्रुवारीला आपले वेगळे टिपण लिहिले. लोकांच्या मनात कंपनीच्या शब्दाबद्दल संशय बसेल, आणि एतद्देशीय राजे म्हणतील की आता कुणाचीच गादी शाबूत नाही, असा त्याचा रोख होता. घराण्याचा मान म्हणजे काय हे त्याला कळत होते, कारण त्याची अर्धी हयात राजदरबारांत रेसिडेंट म्हणून गेली होती. पण मताला किंमत आली नाही. त्याच सुमारास झाशीच्या गंगाधररावांचाही निकाल लागत होता. ते २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले होते, म्हणजे रघुजींच्या वीस दिवस आधी. त्यांनी तर मरणाच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने रीतसर दत्तक घेतला होता. तोही नामंजूर झाला. हयातीत घ्या किंवा मागाहून घ्या, निकाल एकच. १३ मार्च १८५४ रोजी नागपूर खालसा झाले, आणि वर्धा नदीचे दोन्ही काठ वर्षाच्या आत एकाच मालकाचे झाले.

सुतकाचा खरा अपमान पुढे झाला. त्याच वर्षी वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावाला काढले. राजाच्या स्वारीची जनावरे मातीमोल भावाने गेली. वाड्यातले सामान हलवायला माणसे आली तेव्हा बांकाबाईने बजावले, हात लावाल तर वाड्याला आग लावीन. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन विकले. या पैशातून राण्यांची सोय लावायची आहे, असे कंपनीचे म्हणणे. १८५७च्या बंडाचा इतिहास लिहिणारा जॉन के हा काही हिंदी राजांचा वकील नव्हे. पण त्यानेही लिहिले आहे, की राज्य घेतल्याने जेवढे लोकांचे मन दुखावले नाही तेवढे या लिलावाने दुखावले, आणि ते नागपूरपुरते राहिले नाही. हे खरेच असावे. राज्य जाणे ही त्या काळी दर पिढीत घडणारी गोष्ट होती, पण मेलेल्या माणसाचा घोडा तेरवीनंतर बाजारात उभा करणे हे कोणत्याही शेजाऱ्याला खुपते. त्या दौलतीतले काय कुठे गेले याचा माग अजून कुणी पुरा लावलेला नाही. पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली आणि महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेऊन मुंबईत आणली. ती वाड्यातून नेमकी कोणत्या वाटेने गेली, यावर जाणकारांत तर्क चालतात.

१८५७ मध्ये नागपुरात घोड्यावरच्या पलटणीत बंडाची कुजबुज सुरू झाली, तेव्हा म्हाताऱ्या बांकाबाईने आपल्या माणसांना आवरून धरले. तिच्या घरावर जे बेतले ते पाहता हे आश्चर्यच. पुढच्या साली ती वारली. तिच्या या निष्ठेची परतफेड म्हणून १८६० मध्ये डलहौसीनंतर आलेल्या लॉर्ड कॅनिंगने जानोजींचे दत्तकविधान मान्य केले, ‘राजाबहादूर’ ही पदवी दिली आणि सातारा जिल्ह्यातले देऊर हे भोसल्यांचे गाव त्यांना बहाल केले. राज्य मात्र परत दिले नाही. एवढ्यावर न थांबता कॅनिंगने राजेरजवाड्यांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य करणारे धोरण जाहीर केले, आणि १८६२ मध्ये तशा सनदा वाटल्या. त्याच १८६२ मध्ये नागपूरपासून तोडून वर्धा जिल्हा तयार झाला. पहिले मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला. १८६६ मध्ये ते पालकवाडीत आले, आणि तेच आजचे वर्धा शहर.

दत्तक आणि वारस यांची गोष्ट या शहरात एकदा फार वेगळ्या वळणावर गेली, ती ओलांडून जाववत नाही. जमनालाल बजाज हे सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेले, वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी नातू म्हणून दत्तक आलेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते अचानक गेले आणि गोपुरीला त्यांचे दहन झाले. त्यांच्या पत्नी जानकीदेवींच्या मनात सती जाण्याचे आले. गांधीजींनी त्यांना समजावले, की नवऱ्याच्या कामात उरलेले आयुष्य घालवणे हेच सती जाणे. त्यांनी गोसेवेचे काम पत्करले. त्याच महिन्यात गांधीजींनी जमनालालांच्या मित्रांना वर्ध्याला बोलावले. शेटजींची पेढी कोण पाहणार, हा प्रश्न तिथे नव्हताच, ती पाहायला मुलगे होते. गाय, खादी, हिंदी, अस्पृश्यतानिवारण यांतले कोणते काम कोण उचलणार, याची वाटणी सुतकातच झाली. घरातल्या मुलाने अग्नी द्यावा आणि परक्यांनी वारसा घ्यावा, असे भोसल्यांच्या वाड्यात कुणी ऐकून घेतले नसते.

आता डलहौसीकडे परत जाऊ. तो मार्च १८५६ मध्ये कलकत्ता सोडून गेला तेव्हा धड चालता येत नव्हते. मायदेशी पोहोचल्यावर वर्षभरात हिंदुस्थानात बंड पेटले आणि सगळे खापर त्याच्यावर फुटले. त्याने उत्तर दिले नाही. आपले खासगी कागद मरणानंतर पन्नास वर्षे छापू नयेत असे मृत्युपत्रात लिहून ठेवले, आणि १९ डिसेंबर १८६० रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो डलहौसीच्या गढीत वारला. कॉकपेनच्या जुन्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. कॅनिंगने दत्तकाचे धोरण फिरवले तेच हे साल.

त्यालाही मुलगा नव्हता. दोन मुलीच. आणि इथे त्याच्या स्वतःच्या घरी नागपूरचा खटला पुन्हा उभा राहिला, फक्त दोन तुकड्यांत. शीख युद्ध जिंकल्याबद्दल राणी व्हिक्टोरियाने १८४९ मध्ये त्याला मार्क्विस केले होते. ते नवे पद, राणीचे दान, औरस पुरुष वंशापुरते. ते त्याच्याबरोबर संपले. १६३३ सालचे अर्लपद मात्र संपले नाही. ते घराण्याचे होते, आणि ते चुलतभाऊ फॉक्स मौल याच्याकडे गेले. हा सुरुवातीच्या फांदीवाला अकरावा अर्ल. तोही १८७४ मध्ये निपुत्रिक वारला. त्याचे स्वतःचे बॅरनपद बुडाले, आणि अर्लपद आणखी एका चुलतभावाकडे, आरमारातल्या जॉर्ज रॅमसेकडे सरकले. मुली कर्त्या असल्या तरी पदवी त्यांच्याकडे जायची नव्हती. थोरल्या सुझनला आजीकडून आलेली कोल्स्टनची इस्टेट मिळाली.

डलहौसीवर दुटप्पीपणाचा आरोप करणे सोपे आहे, आणि आपल्याकडे तो पुष्कळदा झालेला आहे. मला तो थोडा चुकलेला वाटतो. कायद्याच्या चौकटीत तो सुसंगतच होता: त्याने नागपूरला आपल्या मार्क्विसपदासारखे मोजले, राजाने दिले आणि राजाकडे परत गेले. चूक मोजमापात होती. भोसल्यांचे राज्य १८१८ मध्ये जन्मलेले नव्हते. पहिल्या रघुजींनी ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तलवारीने उभे केले, तेव्हा कंपनी नागपूरला ओळखतही नव्हती. ते अर्लपद होते. चुलत्या-पुतण्याकडे, नातवाकडे, दत्तकाकडे सरकत जाण्याचा त्याचा हक्क रॅमसेंच्या हक्काइतकाच सच्चा होता, आणि रॅमसे कुळात जन्मलेल्या माणसाला हे समजायला टिपणाची गरज पडायला नको होती. कापूस मध्ये आला नसता तर कदाचित समजलेही असते.

डलहौसीचे मार्क्विसपद त्यानंतर कुणाला दिले गेले नाही. अर्लपद चालू आहे. सध्याचे अर्ल सतरावे आहेत.